अमेरिकेचें दार

सन २०२५ च्या सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशीं आमच्या कुडव्यांतील एका घरीं मोठी धांदल उडाली. आमचा एक जुना विद्यार्थी आजोबांच्या श्राद्धासाठीं अमेरिकेहून आला होता. सकाळीं वार्ता आली कीं, परदेशी कुशल नोकरांच्या परवान्यावर तेथील अध्यक्षांनीं एक लक्ष डॉलरांची फी बसविली आहे. ती कोणास लागू व कोणास नाहीं, हें कोणासच उमगेना. दुपारच्या गाडीनें मुलगा नागपुरास निघाला. तो मुंबईच्या विमानतळावर पोहोंचतो तोंच खुलासा आला कीं, जुन्या परवानेवाल्यांस ही फी नाहीं. श्राद्धाचें पान मात्र त्याच्यावांचूनच वाढलें गेलें. वडिलांनीं आम्हांस विचारलें, "सर, एवढा श्रीमंत देश, त्याला आमच्या पोरांची भीति कां वाटावी?" आम्ही पडलों इतिहासाचे शिक्षक, उत्तर लगेच सुचलें नाहीं.

अमेरिकेच्या वैभवाशीं मराठी वाचकांचा परिचय जुना आहे. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियास आनंदीबाई जोशी यांस वैद्यकाची पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. पुढें १८८९ सालीं त्यांनीं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. स्त्रियांच्या संस्था व शिक्षण पाहून बाई हरखल्या, पण कृष्णवर्णीयांस व मूळच्या रहिवाशांस मिळणारी वागणूक त्यांनीं झांकून ठेविली नाहीं. त्या समारंभानंतर दोन महिन्यांच्या आंत, ४ मे रोजीं, शिकागोच्या हेमार्केट चौकांत बाँब फुटून पोलीस व कामगार दोन्ही मेले. आठ तासांच्या दिवसासाठीं संप चालू होता, त्यांतला हा प्रसंग. पुढल्या वर्षीं चौघे फांशीं गेले, तेव्हां बाई त्याच देशांत होत्या.

वैभव आणि धास्ती यांचें मूळ एकच होतें. जो पूर्वीं स्वतःच्या शेताचा वा भात्याचा धनी, तो दोन पिढ्यांत गिरणीचा रोजंदार झाला. मजुरी वाढली खरी. पण ती कोठल्या बाजारावर अवलंबून आहे हें त्याला दिसेनासें झालें. न दिसणाऱ्या बाजारावर राग धरतां येत नाहीं. शेजारीं कमी मजुरीवर राबणाऱ्या परक्यावर धरतां येतो.

१९०७ च्या सप्टेंबरांत वॉशिंग्टन संस्थानांतील बेलिंगहॅम गांवीं गोऱ्या जमावानें लांकूड-गिरण्यांतील हिंदी मजुरांस, त्यांत बहुतेक पंजाबी शीख, हांकून लाविलें. पुढच्याच महिन्यांत न्यूयॉर्कच्या पेढ्यांवर ठेवीदारांची झुंबड उडाली. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर त्या वेळीं कॉर्नेल विद्यापीठांत शिकत होते. हिंदुस्थानांतील जातिसंस्थेचा इतिहास त्यांनीं तेथेंच लिहिला. जागा त्यांस फारच अनुरूप मिळाली, असें आम्हांस नेहमीं वाटतें. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्याच सुमारास पॅसिफिक किनाऱ्याकडे मजुरी करीत शेतकीशास्त्र शिकत होते. पुढें त्यांची विद्या कामीं आली ती मेक्सिकोच्या!

१९१७ च्या कायद्यानें आशियाच्या बहुतेक भागांतून येणाऱ्यांस दार बंद झालें. १९२३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें भगतसिंग थिंड या शीख गृहस्थांस नागरिकत्व नाकारलें. ते महायुद्धांत अमेरिकन सैन्यांत होते! येथें सर्व दोष पोटाच्या चिंतेवर टाकून चालणार नाहीं. १९२३ हें कांहीं दुष्काळाचें साल नव्हे. वर्णाचा अभिमान स्वतंत्रपणें आपलें काम करीत असतो. बेकारी त्याला फक्त निमित्त पुरविते.

१९३३ पर्यंत दर चौघां कामकऱ्यांत एक बेकार झाला, तेव्हां धास्तीवर कायद्याचा उपाय निघाला. १९३५ च्या कायद्यानें वार्धक्याच्या वेतनाची व बेकारीच्या विम्याची सोय केली. पण शेतमजूर व घरगडी त्यांतून वगळले. दक्षिणेंतील कृष्णवर्णीय बहुतेक याच कामांत होते. १९६५ मध्यें देशवार कोटे रद्द झाले आणि डॉक्टर-इंजिनिअर आमच्याकडून जाऊं लागले. नागरी हक्कांची चळवळ त्या वेळीं जोरांत होती, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें.

आमच्या भागांत घरोघरीं बायका विड्या वळीत आल्या. मजुरी हजारावर, खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे कापले जात. अमेरिकेंतील बुद्धिजीवी नोकरांचा पगार प्रचंड खरा, परंतु तेथील बहुतेक संस्थानांत मालक वाटेल त्या दिवशीं नोकरास निरोप देऊं शकतो. आणि आजारपणाचा विमा बहुधा नोकरीशींच बांधलेला. शिवाय आमच्या मुलांस, नोकरी सुटल्यास, दुसरी शोधण्यास फार तर साठ दिवस. आमच्या विडी वळणाऱ्या शेजारणीला निदान गांव सोडण्याची मुदत कोणी घातली नव्हती.

हें सारें आम्हीं त्या वडिलांस दसऱ्यानंतर सांगितलें. ते शांतपणें ऐकत होते. मग म्हणाले, मुलानें तेथें घर घेतलें आहे. कर्जाची फेड तीस वर्षांची. आम्हीं विचारलें, परवाना किती वर्षांचा? त्यांनीं तीन बोटें दाखविलीं.