पुठ्ठ्याच्या घडीतला देवशब्द

छापखाना आला आणि बायबल घराघरांत पोचले, असे आपण सहज म्हणून जातो. पण ज्याला अक्षरओळख नाही, ज्याच्या बोलीला लिपीच नाही, त्याच्या झोपडीत छापील ग्रंथ जाऊन काय करणार? विसाव्या शतकात या प्रश्नाचे एक साधे उत्तर शोधले ते जॉय रिडरहॉफ या अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनरी महिलेने.

१९३० साली त्या मध्य अमेरिकेतील होंडुरास देशात गेल्या. मार्काला या डोंगराळ भागातील गावी त्यांचे कार्य चाले. हिवतापाने खंगून १९३६ साली त्या लॉस अँजेलिसला परतल्या. अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांना एकच चिंता लागून राहिली: मागे राहिलेल्या त्या वाड्यावस्त्यांना शुभवर्तमान कोण ऐकवणार? होंडुरासमध्ये वाजणारे ग्रामोफोन त्यांना आठवले. जी तबकडी गाणे पोचवते, ती देवशब्द का पोचवणार नाही? १९३८च्या डिसेंबरअखेरीस पहिले स्पॅनिश ध्वनिमुद्रण झाले आणि १९३९ साली ‘गॉस्पेल रेकॉर्डिंग्ज’ ही संस्था उभी राहिली.

खरी कसोटी पुढेच होती. रानावनांतल्या बोलींत मजकूर वाचून दाखवणारा कोठून आणायचा? त्यावर एक रीत बसवण्यात आली. दुभाष्याने एक लहानसे वाक्य समजावून सांगायचे, गावकऱ्याने ते आपल्या बोलीत उच्चारायचे आणि तेवढेच मुद्रित करायचे. अशी वाक्यामागून वाक्ये जोडली की कथा पुरी होई. मुद्रण करणाऱ्यांना ती बोली येत नसे. पण तबकडीतून उमटणारा आवाज मात्र ऐकणाऱ्याच्या आपल्याच माणसाचा असे.

आता तबकडी वाजवायची कशावर? ग्रामोफोन जड आणि महाग. त्याची स्प्रिंग तुटली, तर डोंगरात दुरुस्त कोण करणार? यातून ‘कार्डटॉक’ आले. घडी घालता येणारा पुठ्ठा आणि त्यात बसवलेली एक सुई, एवढाच त्याचा संसार. पुठ्ठा उभा करायचा, सुई तबकडीवर टेकवायची आणि काडीने किंवा पेन्सिलीने तबकडी फिरवायची. सुईची थरथर पुठ्ठ्यात उतरे आणि पुठ्ठाच बोलू लागे. ना वीज, ना बॅटरी. हात भराभर फिरला तर आवाज चिरका होई, रेंगाळला तर घोगरा. पण शब्द कळत.

या साधनाची मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. तबकडी सांगते, पण ऐकत नाही. श्रोत्याच्या मनात शंका उठली, तर पुठ्ठा तिचे निरसन करू शकत नाही. तेथे माणूसच लागतो. शेजारी बसणारा, प्रश्न ऐकून घेणारा.

तरीही या प्रयत्नाने एका जुन्या सत्याची आठवण करून दिली. शुभवर्तमाने लिहिली जाण्याआधी सांगितली आणि ऐकली गेली होती. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने बायबल सर्व भाविकांना सहज उपलब्ध असावे, अशी अपेक्षा व्यक्त केली. रिडरहॉफबाईंची संस्था आज ‘ग्लोबल रेकॉर्डिंग्ज नेटवर्क’ या नावाने ओळखली जाते आणि तिची मुद्रणे ६,०००हून अधिक भाषा व बोलींत आहेत.

आपल्या घरी बायबल आहे, वाचता येते, मोबाइलवर ऐकताही येते. साधन तर हाताशी आहे. मात्र घरातल्या ज्या वृद्धेचे डोळे आता अक्षरे टिपत नाहीत, तिच्याशेजारी बसून तिच्या बोलीत एक अध्याय सांगायला आपल्यापैकी किती जणांना सवड आहे?