भाड्याने दिलेला उजेड

लास वेगसमध्ये जुनं हॉटेल पाडायचं म्हणजे सुरुंग लावून, बघ्यांची गर्दी जमवून, शक्य तर आतषबाजीसकट पाडायचं, अशी रीत पडून गेली आहे. 1993 च्या ऑक्टोबरात ‘ड्यून्स’ असं गेलं आणि दारातली एकशेऐंशी फुटी निऑनची पाटीही त्याच रात्री कोसळली. मग 1996 मध्ये ‘सँड्स’, 2007 मध्ये ‘स्टारडस्ट’, 2024 मध्ये ‘ट्रॉपिकाना’. वाळवंटातलं हे जुगाराचं शहर स्वतःच मुळी 1905 मध्ये रेल्वे कंपनीने भूखंडांचा लिलाव केला तेव्हा जन्मलं. एवढ्या कोवळ्या वयात आपलं जुनं रूप इतक्या हौसेने पुसणारं दुसरं शहर शोधावं लागेल. तरीही ते रूप आज बरंचसं शाबूत आहे. कसं, ते सांगण्यासारखं आहे. कारण ते जपावं असं बराच काळ कोणाच्या मनातही नव्हतं.

सुरुवात निऑनपासून करू. विल्यम रॅम्झी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी 1898 मध्ये लंडनला हवा द्रवरूप करून तिच्यातून हा वायू वेगळा काढला. हवेच्या लाख भागांत तो दोन भागसुद्धा भरत नाही. ज्यॉर्ज क्लोद या फ्रेंच इंजिनिअरचा हवा द्रवरूप करण्याचाच उद्योग होता, त्यामुळे त्याच्याकडे निऑन आपोआप उरायचा. डिसेंबर 1910 मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात त्याने या वायूच्या लालभडक नळ्या पेटवून दाखवल्या. त्या उजेडात घरात वाचत बसणं कठीण, पण दुकानाच्या कपाळावर तो झकास दिसत होता. (दुसऱ्या महायुद्धानंतर नाझींशी हातमिळवणी केल्याबद्दल क्लोद तुरुंगात गेला. तोवर त्याचा उजेड जगभर पोचला होता.)

नळी वळवण्याचं काम आजही हाताचंच आहे. कागदावर अक्षर पूर्ण मापात काढायचं. काचेची नळी ज्योतीवर मऊ करायची आणि त्या रेषेबरहुकूम वळवायची. वळणावर ती चपटी होऊ नये म्हणून रबरी नळीचं एक टोक कारागिराच्या तोंडात असतं. तिच्यातून तो हलकेच फुंकर घालत राहतो. मग दोन्ही टोकांना इलेक्ट्रोड बसवायचे, आतली हवा ओढून घ्यायची, जोराचा विद्युत्प्रवाह सोडून आतली अशुद्धता जाळायची आणि शेवटी वायू भरायचा. निऑन भरला तर केशरी-लाल, आरगॉन आणि थेंबभर पारा भरला तर निळा. बाकीचे रंग काचेतून किंवा आतल्या लेपातून येतात.

नेवाडा राज्याने 1931 मध्ये जुगार कायदेशीर केला. त्याच वर्षी जवळच कोलोराडो नदीवर हूव्हर धरणाचं काम सुरू झालं आणि 1937 मध्ये त्याची वीज शहरात आली. पैसा आला, वीज आली, आता पाट्या हव्या होत्या. त्या पुरवणाऱ्यांत आघाडीवर होता इंग्लंडमधून आलेला टॉमस यंग. 1920 मध्ये युटातल्या ऑग्डेन गावी त्याने काढलेली यंग इलेक्ट्रिक साइन कंपनी, म्हणजे ‘येस्को’, आजही चालू आहे. फ्रीमाँट रस्त्यावरच्या पायोनियर क्लबवर 1951 मध्ये उभा राहिलेला चाळीस फुटी गुराखी ‘वेगस विक’ तिचाच; तो हात हलवायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाळीही द्यायचा. गावाबाहेरच्या हायवेवर, ज्याला पुढे ‘स्ट्रिप’ म्हणू लागले, गरज आणखी मोठी होती. इमारती रस्त्यापासून आत, पुढे मोटारींचं पटांगण, गिऱ्हाईक भरधाव गाडीत. त्याला थांबवायचं काम इमारतीला जमेना, ते पाटीने केलं. 1958 मध्ये ‘स्टारडस्ट’च्या दर्शनी भिंतीवर तर दोनशे फुटांहून लांब ब्रह्मांडच उभं केलं, ग्रह-ताऱ्यांसकट.

आता कळीची गोष्ट. यातल्या पुष्कळ पाट्या कॅसिनोच्या नव्हत्याच. त्या पाटी कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या असायच्या. दुरुस्ती, विझलेली नळी बदलणं, सगळं करारात. करार संपला, मालक बदलला, फॅशन बदलली की कंपनी आपला माल काढून आवारात टाकायची. सुटे भाग पुन्हा उपयोगी पडतील, हा साधा व्यापारी हिशेब. त्या आवाराला लोक ‘बोनयार्ड’ म्हणत, हाडांचं पटांगण. इमारतीला वारस नव्हता, पाटीला होता. शहराची स्मृती टिकली ती भाडेकरारामुळे, असं मी म्हणेन.

अशा टाकून दिलेल्या पाट्या जपण्यासाठी 1996 मध्ये निऑन म्युझियम ही संस्था सुरू झाली. तिची पहिली दुरुस्त पाटी म्हणजे ‘हसिएंदा’ हॉटेलचा घोडा आणि स्वार. नोव्हेंबरात तो फ्रीमाँट रस्त्याच्या चौकात झळकला. त्याचं मूळ घर त्याच वर्षाच्या शेवटच्या रात्री सुरुंगाने उडवलं गेलं. संग्रहालयाला छप्परही असंच मोडीतून मिळालं. लॉस एंजेलिसचे कृष्णवर्णीय वास्तुकार पॉल विल्यम्स यांनी ‘ला काँचा’ मोटेलसाठी 1961 मध्ये शिंपल्यासारखी काँक्रीटची लॉबी बांधली होती. पाडायला निघालेली ही लॉबी कापून, तुकडे वाहून नेऊन पुन्हा जोडली. 2012 मध्ये तिथून प्रेक्षकांना प्रवेश सुरू झाला.

आत ‘मूलां रूज’ची वळणदार अक्षरं आहेत. त्यांच्यापुढे मात्र थांबावं. 1955 मध्ये उघडलेला हा शहरातला पहिला कॅसिनो, जिथे काळे आणि गोरे एकत्र बसू शकत. स्ट्रिपवर मंचावर गाणाऱ्या काळ्या कलावंताला त्याच हॉटेलात खोली मिळत नसे, असा तो काळ. सहा-सात महिन्यांत ‘मूलां रूज’ बंद पडलं. पण स्ट्रिपवरचा वर्णभेद संपवण्याचा समझोता 1960 मध्ये याच इमारतीत झाला. इमारत पुढे आगीत गेली. अक्षरं उरली.

छायाचित्रांचंही तसंच. शहराच्या प्रसिद्धीसाठी नेमलेल्या ‘न्यूज ब्यूरो’चे छायाचित्रकार पर्यटक ओढायला फोटो काढत होते: तरणतलावात तरंगणारं जुगाराचं टेबल, हॉटेलांमागे उठणारा, वाळवंटातल्या अणुचाचणीचा ढग. 1957 मध्ये डॉन इंग्लिश यांनी पोहण्याच्या पोशाखावर कापसाचा अणुढग चिकटवलेल्या नर्तकीचा फोटो काढला. आज ती इतिहासाची अस्सल साधनं आहेत, आणि अणुचाचण्यांकडे करमणूक म्हणून पाहणाऱ्या समाजाविरुद्धचा पुरावासुद्धा. हे शहर जाणूनबुजून पाहायला आले ते वास्तुकार रॉबर्ट व्हेंचुरी, डेनीस स्कॉट ब्राउन आणि स्टीव्हन आयझेनूर. 1968 मध्ये येलचे विद्यार्थी घेऊन त्यांनी स्ट्रिपची गंभीरपणे मापं घेतली, नकाशे काढले, फोटो घेतले आणि 1972 मध्ये पुस्तक काढलं. वास्तुशास्त्राच्या पंडितांनी नाकं मुरडली.

आणि ती ‘वेलकम’ची जगप्रसिद्ध पाटी? ‘मूलां रूज’ची अक्षरं रेखाटणाऱ्या बेटी विलिस यांनीच ती 1959 मध्ये केली. शहराला आपली भेट म्हणून त्यांनी तिचे हक्क राखले नाहीत. म्हणून ती प्रत्येक कपावर आणि चावीच्या साखळीवर दिसते. मुळात ती उभी आहे शहराच्या हद्दीबाहेर, क्लार्क काउंटीत. 2009 मध्ये तिची ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत नोंद झाली. मालकी येस्कोची आहे. काउंटी तिचं भाडं भरते.