पडदा बोलायला लागला तेव्हा

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पुण्याहून आजोळी, पापनाशमला जायचो. तंजावर आणि कुंभकोणमच्या मधलं स्टेशन, जवळच कुडमुरुट्टी नदी. घरात तंजावरी मराठी, रस्त्यावर तमिळ आणि मामाशी हातांनी. मामा जन्मतः बहिरा. शाळेत कधी गेला नाही, त्यामुळे त्याच्या खुणा त्या घरापुरत्याच. वेणीला पीळ घातल्याची खूण केली की ती मी. माझं ते नाव जगात तेवढ्याच घराला ठाऊक होतं.

सिनेमाचं त्याला वेड होतं. तंबूत खेळ आला की मला घेऊन पुढे बसायचा आणि कधी हसायचं ते माझ्या तोंडाकडे बघून ठरवायचा.

3 मे 1913ला गिरगावात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा बहिऱ्याला आणि ऐकणाऱ्याला एकच सिनेमा दिसत होता. चेहरे बघायचे, वाचता येत असेल तर पाट्या वाचायच्या. 1931च्या मार्चमध्ये ‘आलम आरा’ आला, ऑक्टोबरात तमिळ ‘कालिदास’. पाट्या गेल्या, गाणी आली. आणि त्या गाण्यांत आमच्या पापनाशमचा वाटा मोठा. दिग्दर्शक के. सुब्रह्मण्यम 1904 साली इथेच जन्मले. मुंबईच्या मूकपटांत नाव कमावलेल्या राजा सँडोंच्या हाताखाली ते शिकले आणि 1934मध्ये त्यांनी पहिला चित्रपट काढला, ‘पवळक्कोडी’. गाण्यांनी गच्च भरलेला! पापनाशम शिवन जन्मले पोलगमला, पण नाव लागलं ते आमच्या गावाचं. आपल्या प्रभात कंपनीने काढलेल्या तमिळ ‘सीता कल्याणम’चं संगीतही त्यांचंच. आजी त्यांची पदं म्हणायची, तेव्हा मामा तिच्या गळ्याला बोटं लावून बसायचा. गावाला ज्याचा अभिमान, ते त्याच्यापर्यंत एवढंच पोचायचं.

मग बहिरी माणसं गोष्टीत आली. 1972चा गुलजारांचा ‘कोशिश’, 1977मध्ये त्याचंच तमिळ रूप ‘उयर्न्दवर्गळ’. कमल हासन आणि सुजाता. गोव्यात घडणाऱ्या ‘खामोशी’त नाना पाटेकर आणि सीमा बिस्वास. कामं मनापासून केलेली, पण हात ऐकणाऱ्यांचे.

1987मध्ये ‘पुष्पक’ आला. त्यात संवादच नाहीत, आणि तमिळमध्ये त्याचं नाव ‘पेसुम पडम’, म्हणजे बोलपट! पुढच्या सुट्टीत कुंभकोणमला आम्ही तो पाहिला. अख्खं थिएटर हसलं त्याच क्षणी मामा हसला. माझ्याकडे एकदाही वळला नाही. अंधारात मी पडद्याऐवजी त्यालाच बघत बसले.

मामाची नात आज एकोणीस वर्षांची आहे, तीही बहिरी. पण तिला भाषा मिळाली. भारतीय सांकेतिक भाषेच्या शासकीय शब्दकोशात 2018मध्ये तीन हजार शब्द होते, 2021मध्ये दहा हजार झाले. तो तिच्या फोनमध्ये असतो. मैत्रिणींशी बोलताना फोन कॉफीच्या टंबलरला टेकवून ठेवते, दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून. तिचं मत कडक आहे. ‘मोळी’त (2007) ज्योतिका बहिरी झाली, ती ऐकू येणारी. ‘नाडोडिगळ’मध्ये (2009) अभिनया खरोखर बहिरी, तर तिला ऐकणाऱ्या मुलीची भूमिका आणि दुसरीचा आवाज. या अभिनेत्रीचं काम नातीला फार आवडतं, म्हणूनच ते तिच्या मनाला लागतं. तिने मला हातांनी विचारलं, ‘तिला आमच्यासारखं बोलू का दिलं नाही?’ मला उत्तर देता आलं नाही.

गेल्या वर्षी गेले तेव्हा ती मामाच्या खुणा चित्रित करत होती. भाताची, पुराची, तिरुप्पालैत्तुरैच्या देवळातल्या नायककालीन कोठाराची. दोन्ही हातांचा उंच घुमट करतो तो. यातली एकही खूण शब्दकोशात नाही. मामा ऐंशीच्या घरातला, बोटं थरथरतात. माझ्या नावाची खूण त्याने केली तेव्हा तिने मध्येच थांबवलं, फोन दोन वीत मागे नेला आणि पुन्हा करायला सांगितली. पहिल्या वेळी चौकटीत चेहरा नीट आला होता, हात कापले गेले होते.