'मोस्ट वॉन्टेड' सेलमध्ये का नसतो?

हा मागच्या आठवड्यातल्या भागाचा लिखित अवतार. बोलताना जिथे फार भरकटलो तिथे थोडी कात्री लावली आहे, बाकी तसंच ठेवलंय.

स्टीमचा समर सेल लागला की मला दोन प्रकारचे मेसेज येतात. पहिला: "भाऊ, पाचशेच्या आत काय घेऊ?" आणि दुसरा: "२००५ चा मोस्ट वॉन्टेड कुठं मिळंल?" पहिल्याकडे शेवटी येतो. दुसऱ्याचं उत्तर एका शब्दात आहे, नाही. नीड फॉर स्पीड मोस्ट वॉन्टेड, ज्यात ती निळी-चंदेरी बीएमडब्ल्यू होती, तो गेम आज कुठल्याच अधिकृत डिजिटल दुकानात विकत मिळत नाही. स्टीमवर त्याच नावाचा जो दिसतो तो २०१२ चा, वेगळा गेम आहे. रेसिंगच्या गेममध्ये गाड्यांचे आणि गाण्यांचे परवाने ठरावीक मुदतीचे असतात. मुदत संपली की गेम दुकानातून उतरतो.

हे उत्तर दिलं की लोक विचारतात, मग आपण तो खेळलो कुठून? आजचा भाग याच प्रश्नावर आहे. कारण गेमिंगचा इतिहास म्हणून जे वाचायला मिळतं ते जपानचं आणि अमेरिकेचं असतं. निंटेंडोने अमुक साली हे काढलं, सोनीने तमुक साली ते. त्यातलं जवळपास काहीच आमच्या कोराडीत त्या वाटेने आलं नाही.

कोराडी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नागपूरहून सावनेर रोडने निघालं की आधी चिमण्या दिसतात, मग जगदंबेचं देऊळ आणि तलाव. वीज केंद्राचा पहिला संच १९७४ चा, आता ६६० मेगावॉटचे तीन मोठे संच आहेत. माझे वडील तिथे नोकरीला, त्यामुळे लहानपण वसाहतीत गेलं. राख गॅलरीत, राख वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि राख टीव्हीच्या मागे, जिथे अँटेनाची वायर काढून व्हिडिओ गेमची वायर खोचायची असायची.

तो व्हिडिओ गेम म्हणजे निंटेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल. फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आला. आमच्याकडे त्याच्या नकला नव्वदच्या दशकात आणि पुढे दोन हजारच्या दशकातही आल्या, कधी समुराई, कधी मीडिया, नंतर टर्मिनेटर अशा नावांनी. कार्ट्रिज हा शब्द मी कॉलेजात गेल्यावर ऐकला. आम्ही कॅसेट म्हणायचो, आणि कंट्रोलरला रिमोट. कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची. हे कोणी शिकवलं नव्हतं, आणि जगभरच्या पोरांनी हेच केलं.

आता इंजिनिअर म्हणून मला यातली एक गोष्ट फार आवडते. निंटेंडोने १९८५ मध्ये अमेरिकेत जे मशीन नेलं त्यात कुलपाची एक चिप टाकली होती. मान्यता नसलेली कॅसेट चालू नये म्हणून. जपानी फॅमिकॉममध्ये मात्र हे कुलूप नव्हतं. त्याची कॅसेट ६० पिनांची, अमेरिकन कॅसेट ७२ पिनांची. आपल्याकडच्या नकला ६० पिनांच्या घराण्यातल्या. म्हणजे बर्डीच्या फुटपाथवर जी कॅसेट मिळायची ती चालायची, कारण मुळातच दाराला कडी नव्हती.

आणि ती "९९९९ इन १" कॅसेट! त्या मशीनचा प्रोसेसर कॅसेटमधले एका वेळी ३२ केबी वाचू शकतो. सुपर मारिओ ब्रदर्सचा सगळा प्रोग्रॅम ३२ केबी आणि चित्रं ८ केबी, म्हणजे अख्खा गेम ४० केबीत. तुमच्या व्हॉट्सॅपवरचा गुड मॉर्निंगचा फोटो त्याहून मोठा असतो. असे छोटे गेम एका चिपवर ओळीने ठेवायचे आणि मेन्यूतून निवडला तो तुकडा प्रोसेसरसमोर आणून उभा करायचा. खरे गेम थोडेच. बाकीच्या ओळी म्हणजे तोच गेम, फक्त सुरुवातीची लेव्हल बदललेली किंवा जिवांची संख्या वाढवलेली. यादी खोटी होती, पण ते खोटं जमवायला डोकं लागलं असणार हे मानावं लागेल. कॉन्ट्रा मात्र १२८ केबीचा, त्यामुळे त्याची आमच्याकडे वेगळी कॅसेट होती आणि ती ज्याच्या घरी तो वसाहतीत मोठा माणूस.

कॉन्ट्रातले तीस जीव: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. हा कोड कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ मध्ये ग्रेडियस गेम तपासताना स्वतःच्या सोयीसाठी टाकला होता, कारण तो त्यांनाच अवघड जायचा. २०२० मध्ये ते गेले तेव्हा बातमी वाचून आमच्या शाळेच्या ग्रुपवर तीस-चाळीस जणांनी तो कोड टाइप केला. आमच्यापैकी कोणीही तो कुठे छापलेला वाचला नव्हता. तोंडातोंडी आला, जशी एखादी आरती येते तसा.

या गेममध्ये सेव्ह नाही, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. लाइट गेली की गेम संपला. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं ज्यांनी काढली त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. वसाहतीत आमचं बरं चालायचं, पण सुट्टीत काटोलकडे मामाच्या गावी गेलो की वेळापत्रक बघून कॉन्ट्रा लावायचा. मामा हसून म्हणायचे, "तुमच्या कोराडीची वीज जाते कुठं बाप्पा?" आठ वर्षांच्या पोराला उत्तर येत नव्हतं. ते उत्तर वडिलांनाही द्यावं लागायचं, आणि त्यांना ते आवडायचं नाही.

मग प्लेस्टेशन का नाही आलं? आलं, पण दुसऱ्यांच्या घरी. इथे इतिहासाचा एक कंटाळवाणा वाटणारा तुकडा आहे, पण सगळं त्यावर फिरलं असं माझं मत आहे. १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात गेला. त्यानुसार २००५ पर्यंत संगणकावरचं आयात शुल्क शून्यावर आलं. गेम कन्सोल त्या यादीत नव्हतं. जकातीच्या तक्त्यात कन्सोल खेळणी आणि खेळाच्या सामानाच्या प्रकरणात बसतं. २०१५ मध्ये त्या कराराची यादी वाढवली, त्यात कन्सोल आलं, पण त्या वाढीव करारात भारत सामील झाला नाही. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हाही संगणक १८ टक्क्यांत आणि कन्सोल २८ टक्क्यांत. म्हणजे सरकारदरबारी संगणक ही गरज आणि कन्सोल ही चैन. घरोघरीचे वडीलही हेच म्हणत होते. "अभ्यासासाठी" घेतलेला कॉम्प्युटर हा महाराष्ट्रातला खरा कन्सोल.

त्या अभ्यासाचं एक नाव होतं एमएस-सीआयटी. एमकेसीएल २००१ मध्ये सुरू झालं आणि तालुक्या-तालुक्याला क्लास निघाले. वर्ड, एक्सेल, पेंट. सर बाहेर गेले की डेव्ह. डेंजरस डेव्ह हा जॉन रोमेरोने १९८८ मध्ये लिहिलेला गेम, डॉसवर तो १९९० मध्ये आला. पुढच्याच वर्षी रोमेरो आणि मित्रांनी आयडी सॉफ्टवेअर काढलं आणि १९९३ मध्ये डूम. अमेरिकेत डेव्ह ही रोमेरोच्या चरित्रातली तळटीप आहे. आमच्याकडे डेव्ह हाच ग्रंथ, डूमचं नाव नंतर कळलं.

त्यानंतरचा काळ सीडीचा. प्रोजेक्ट आयजीआय (२०००), व्हाइस सिटी (कॉम्प्युटरवर २००३), मोस्ट वॉन्टेड (२००५), आणि जुना असूनही न मरणारा रोड रॅश. प्लॅस्टिकच्या पिशवीत सीडी, वर रंगीत झेरॉक्सचं कव्हर, त्यावर स्केच पेनने सिरियल नंबर. बहुतेक प्रती "रिप" असायच्या, म्हणजे जागा वाचवायला व्हिडिओ आणि गाणी काढून टाकलेल्या. व्हाइस सिटीचा आत्मा म्हणजे त्यातला ऐंशीच्या दशकातला रेडिओ. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी तो गेम शांततेत खेळला आणि गाडीत रेडिओ असतो हे त्यांना पुढे यूट्यूबवर कळलं.

सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक. तासाला वीस रुपये, नेट बंद असलं तरी चालायचं, कारण मशीन एकमेकांना वायरने जोडलेली. याच्यावर वेगळा भाग करायचाय, त्यामुळे पुढे.

या सगळ्यात पैसे दिले नाहीत असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. सीडीवाल्याला दिले, कॅफेवाल्याला दिले, कॅसेटला दिले. ज्याने गेम बनवला त्याच्यापर्यंत मात्र एक रुपया गेला नाही, कारण तिकडे जाणारा रस्ताच आपल्या गल्लीतून नव्हता. स्टीम सप्टेंबर २००३ पासून आहे, पण किमती डॉलरमध्ये. साठ डॉलरचा गेम म्हणजे चार हजार रुपये, आणि त्यासाठी परदेशी व्यवहार चालणारं क्रेडिट कार्ड. वसाहतीत असं कार्ड कोणाकडे असलं तरी ते पोराच्या हातात मिळणार नव्हतं.

नोव्हेंबर २०१५ मध्ये स्टीमने रुपयात किमती लावल्या. मी बीटेकच्या पहिल्या वर्षाला होतो. त्याच वर्षी जूनमध्ये परतावाही सुरू झाला होता: चौदा दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत. होस्टेलवर पहिला सेल लागला तेव्हा काय झालं बघा. पोरांनी नवीन गेम घेतलेच नाहीत. ज्याने जे शाळेत संपवलं होतं तेच त्याने विकत घेतलं. एकाने व्हाइस सिटी घेतला आणि रेडिओ लावून नुसता किनाऱ्यावर गाडी फिरवत बसला, मिशन एकही नाही. पुढे २०१६ मध्ये जिओ आलं, यूपीआय आलं, पबजी आला आणि सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाला; ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे.

इथे मूळ प्रश्नाकडे येतो. तो व्हाइस सिटी आता स्टीमवर एकटा विकत मिळत नाही. २०२१ मध्ये नवी सजवलेली आवृत्ती आली तेव्हा जुना दुकानातून काढला. १९९६ चा रोड रॅश कुठेच विक्रीला नाही. मोस्ट वॉन्टेडचं तर सांगितलंच. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये एक अभ्यास केला: अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. तिथे निदान मूळ डबे ग्रंथालयांत आणि संग्राहकांकडे आहेत. आपल्याकडे जे आलं ते बिनबिलाचं, बिननावाचं. ती रंगीत झेरॉक्सची कव्हरं हीच आपली कागदपत्रं, आणि ती रद्दीत गेली.

आणि आज जे पैसे देऊन घेतो ते तरी आपलं आहे का? युबिसॉफ्टने द क्रू या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले आणि विकत घेतलेला गेमही चालेनासा झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून स्टीम पैसे भरतानाच स्पष्ट लिहितं की तुम्ही परवाना घेताय. एवढं सगळं होऊन, माझ्या मावसभावाकडची कॉन्ट्राची ती कॅसेट अजून चालते. फुंकर मारावी लागते.

आता पाचशेच्या आतलं. किमती सेलगणिक बदलतात, त्यामुळे आकडे बघून घ्या. प्रोजेक्ट आयजीआय जीओजीवर मिळतो, आणि तिथे घेतलेला गेम इन्स्टॉलरसकट उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवता येतो, म्हणून मी जुना गेम आधी तिथे शोधतो. एज ऑफ एम्पायर्स दोनची २०१९ ची आवृत्ती डोळे मिटून घ्या. २०२२ च्या भारतावरच्या भागात बंगाली, द्रविड आणि गुर्जर आले. मराठे नाहीत म्हणून रागावू नका, गेमचा काळच आधीचा आहे. आणि राजी. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर पैसे गोळा झाले नाहीत, तरी त्यांनी तो पूर्ण केला, २०२० मध्ये काढला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या गेमच्या गटात नामांकन मिळवलं. लढाई थोडी कच्ची वाटते, पण चित्रं आणि रंग बघाच. तीन-चार संध्याकाळी पुरतो.

शेवटी एक काम सांगतो. घरी माळ्यावर, दिवाणाखाली, जुन्या सीपीयूच्या खोक्यात बघा. कॅसेट सापडली तर वरच्या स्टिकरचा फोटो काढा, मागचे स्क्रू उघडू नका. सीडीचं झेरॉक्स कव्हर, कॅफेची तासांची वही, दुकानदाराने हाताने लिहिलेली गेमची यादी, काहीही चालेल. गाव आणि साधारण साल लिहा. सिरियल नंबर स्केच पेनचा असेल तर तो उन्हात उडतो, त्याचा फोटो आधी.