उभ्या ट्रकचे इंजिन आणि चालकाची झोप

म्हापसा किंवा मडगावच्या कापडदुकानांत येणाऱ्या सुरतेच्या साड्यांचा प्रवास साडेआठशे किलोमीटरांच्या आसपासचा असतो. मात्र त्या साड्या आणणाऱ्या ट्रकच्या चालकाचा बराचसा वेळ गाडी हलण्यापूर्वीच गेलेला असतो. सुरत शहराच्या पूर्वेस, कडोदरा-बारडोलीच्या दिशेने पर्वत पाटिया लागते. पाटिया म्हणजे आपल्याकडचा फाटा. पर्वत गावाचा हा फाटा आता शहरात सामावला असून रिंग रोडवरील जुना कापडबाजार आणि सारोलीकडील नव्या बाजारपेठा यांच्या मधल्या पट्ट्यात येतो. लिंबायतची मराठी, मुख्यत्वे खानदेशी, वस्ती लगतच आहे. शहरात अवजड वाहनांना दिवसा ठरावीक वेळांत प्रवेशबंदी असल्याने माल भरणे आणि निघणे संध्याकाळनंतरचे काम ठरते. परिणामी रात्री गाडी हाकणाऱ्याला झोप दिवसा, ऐन उन्हात, केबिनमध्येच घ्यावी लागते.

ही झोप शक्य व्हावी म्हणून उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवायचे की नाही, हा वाहतूक कंपन्या आणि त्यांचे चालक यांच्यातील नेहमीचा वादाचा विषय आहे. अलीकडच्या एका चांगल्या नियमाने तो मिटण्याऐवजी अधिक ठळक केला आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2023 मध्ये अधिसूचना काढून नव्या ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन यंत्रणा बंधनकारक केली व 2025 मध्ये त्याची अंमलबजावणी सुरू झाली. एन-2 म्हणजे साडेतीन टनांहून जास्त व 12 टनांपर्यंतची, आणि एन-3 म्हणजे त्याहून जड मालवाहू वाहने या नियमात येतात. जुन्या गाड्यांना तो लागू नाही आणि रस्त्यावर अजून त्यांचीच संख्या मोठी आहे.

नव्या गाडीतही एक अडचण राहते. कारखान्यातून बसून येणाऱ्या सर्वसाधारण एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. इंजिन बंद झाले की गारवाही संपतो. म्हणजे नियमाने चालकाचे ड्रायव्हिंगचे तास सुसह्य केले. मागच्या बाकावर आडवे होण्याचे तास डिझेलच्या हिशेबावर सोडले.

हा हिशेब कडक असतो. अनेक कंपन्या प्रत्येक फेरीचे डिझेल आधीच ठरवून देतात आणि तूट आली तर ती चालकाच्या भत्त्यातून वळती होते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आकडेमोडीप्रमाणे तिथला मोठा ट्रक उभ्या स्थितीत तासाला सुमारे 0.8 गॅलन, म्हणजे तीन लिटर इंधन जाळतो. आपल्याकडील लहान इंजिनासाठी दोन लिटर धरले, तरी आठ तासांच्या झोपेला 16 लिटर लागतील. लिटरला 90 रुपये दराने ते 1440 रुपये होतात. टाटाच्या ‘फ्लीट एज’ किंवा अशोक लेलँडच्या ‘आय-अलर्ट’सारख्या यंत्रणांमुळे इंजिन किती मिनिटे उभ्याने चालले हे मालकाला कार्यालयात बसून दिसते. यात मालकाची बाजू अगदीच खोटी नाही. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 इंजिनांत धुरातील काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वतःला स्वच्छ करतो तो धूर पुरेसा तापल्यावर. तासन्‌तास मंद चालणाऱ्या इंजिनात तेवढी उष्णता येत नाही, काजळी साचते आणि दुरुस्तीचा खर्च उभा राहतो.

कायदा याबाबत काय सांगतो? मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 126 नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन उभे असताना चालकाच्या आसनावर परवानाधारक व्यक्ती हवी. नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा. इंजिन चालू ठेवून मागच्या बाकावर झोपलेला चालक यांपैकी कोणतीच अट पाळत नाही. मात्र कलमाचा रोख सुरक्षिततेवर आहे, प्रदूषणावर नाही, आणि किती मिनिटे इंजिन चालू ठेवावे याची मर्यादाही ते घालत नाही. कॅलिफोर्नियात ही मर्यादा पाच मिनिटांची आहे. 2008 पासून ती स्लीपर ट्रकनाही लागू झाल्यावर बॅटरीवरचे एसी आणि छोटे सहायक इंजिन हे पर्याय तेथे जोमाने पुढे आले. नुसती बंदी घालून भागले नसते. झोपण्याची दुसरी सोय झाली म्हणून बंदी टिकली, असे दिसते.

आपल्याकडेही 24 व्होल्टवर चालणारे, टपावर बसणारे पार्किंग एसी मिळतात. मूळ बॅटरीवर रात्रभर अवलंबून राहिल्यास सकाळी स्टार्टर फिरत नाही, त्यामुळे त्यांना स्वतंत्र बॅटरी आणि तिच्या चार्जिंगची सोय लागते. ज्या मालकाला हा खर्च परवडत नाही त्याने निदान छताला उष्णतारोधक अस्तर, खिडक्यांना जाळी, 24 व्होल्टचे दोन पंखे आणि पाठीला टोचणार नाही अशी गादी एवढे करायला हरकत नसावी. सुरत काय किंवा गोव्याचा किनारा काय, येथील उकाडा दमट आहे. हवा खेळती राहिली तरी निम्मा त्रास कमी होतो. काचा बंद करून इंजिन चालू ठेवण्यात मात्र जिवाला धोका आहे. गळक्या एक्झॉस्टमधील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्याला तो कळत नाही. केबिनमध्ये स्टोव्ह पेटता ठेवून झोपणाऱ्यालाही हाच धोका असतो.

विश्रांतीचा हक्क नवा नाही. मोटार परिवहन कामगार कायदा, 1961 ने पाच किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. लांब पल्ल्यासाठी ती दहापर्यंत वाढवता येई. दोन दिवसांच्या कामामध्ये सलग नऊ तासांची विश्रांती आणि रात्रीच्या मुक्कामाच्या जागी विश्रामगृह हेही त्यात होते. हा कायदा आता व्यवसाय सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 मध्ये विलीन झाला असून ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. कागदावरचे हे विश्रामगृह किती चालकांना पाहायला मिळाले, हे कोणत्याही ट्रान्सपोर्ट नगरात विचारून पाहावे.

तेल कंपन्यांनी महामार्गांवरील पंपांलगत उभारलेली ‘अपना घर’ ही खाटा, स्नानगृहे आणि स्वयंपाकाची सोय असलेली विश्रामस्थळे 2025 च्या मध्यापर्यंत साडेतीनशेहून अधिक झाली होती. सोय उत्तम आहे, पण ती महामार्गावर आहे आणि चालकाची सर्वांत लांब प्रतीक्षा पर्वत पाटियासारख्या भरणीच्या जागी होते. शिवाय एकटा चालक भरलेली गाडी सोडून खाटेवर जायला धजत नाही. ताडपत्रीखालचे पार्सल किंवा टाकीतले डिझेल गेले तर जाब त्यालाच द्यावा लागतो. पहारा असलेला वाहनतळ आणि त्याच्या शेजारीच खाट, अशी जोडी जिथे मिळते तिथेच तो इंजिन बंद करून खाली उतरतो.