घोडा, धंदा आणि दरबाराची मर्जी: दख्खनचा जुना 'गोल्डन व्हिसा'

सध्या आमच्या मित्रांच्या ग्रुपवर एकच चर्चा आहे. "भावा, पैसे गुंतवले की थेट पीआर!" कुणी दुबईच्या गोल्डन व्हिसाची लिंक टाकतो, कुणी अमेरिकेच्या ईबी-५ ची. मी पण हिशोब करून बघितला, आणि गपचूप कॅल्क्युलेटर बंद केला. पण त्यावरून एक गोष्ट आठवली. साडेपाचशे वर्षांपूर्वी हा सगळा प्रकार उलट्या दिशेने चालायचा. लोक भांडवल घेऊन इकडे यायचे, आणि 'राहू द्या' म्हणून आपल्या दख्खनमध्ये अर्ज करायचे. आजच्या भागात अशाच तीन माणसांची गोष्ट. तिघंही कास्पियन समुद्राच्या बाजूने आलेले, आणि तिघांचाही धागा आपल्या नगरपर्यंत येतो.

आधी हे बघू की लोक इथे यायचेच कशाला. त्या काळी दख्खनवर बहामनी सुलतानांचं राज्य होतं, राजधानी बीदर. लढाई घोडदळावर चालायची, पण इथल्या हवेत चांगल्या जातीचे घोडे तयार होत नव्हते. ते अरबस्तान आणि इराणमधून जहाजाने चौल, दाभोळला यायचे. म्हणजे घोडा ही नुसती सवारी नव्हती, ती त्या काळची 'स्ट्रॅटेजिक' आयात होती. घोडे, मोती, रेशीम घेऊन येणाऱ्या परदेशी व्यापाऱ्याला दरबारात मान मिळायचा, आणि हुशार असेल तर पदही. अशा परदेशी लोकांना 'आफाकी' म्हणायचे. इथल्या लोकांना 'दख्खनी'. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

पहिला माणूस अफनासी निकितीन, रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. व्होल्गा नदीतून निघाला, वाटेत लुटला गेला, कास्पियन ओलांडून इराणमार्गे होर्मुझला पोचला. तिथून 1470 च्या सुमारास जहाजाने चौलला उतरला. सोबत काय? एक घोडा. सगळी गुंतवणूक त्या एका घोड्यात! चौलहून घाट चढून तो जुन्नरला आला. आपण नगरहून आळेफाट्यावरून जातो ना, तेच जुन्नर.

तिथला अधिकारी होता असद खान. त्याला कळलं की हा मुसलमान नाही, तर त्याने घोडाच जप्त केला. वर ऑफर दिली: धर्म बदल, घोडा परत घे आणि हजार सोन्याची नाणी घे. नाही बदललास तर घोडा गेलाच, शिवाय हजार नाणी तूच भरायची. मुदत चार दिवस.

विचार करा. ना कुणी वकील, ना अपिलाची सोय. त्याला वाचवलं कुणी? मुहम्मद नावाच्या एका खोरासानी माणसाने. त्याने खानाकडे जाऊन रदबदली केली आणि निकितीनला घोडा परत मिळवून दिला. आजच्या भाषेत सांगायचं तर ऐनवेळी 'स्पॉन्सर' भेटला. पुढे निकितीनने तो घोडा बीदरकडे विकला. पण कर फार, आणि आपल्या देशात नेण्याजोगा माल नाही, अशी त्याची तक्रार होती. तो परत निघाला, पण घरी पोचायच्या आधीच वारला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे, अलिबागला फिरायला गेलात तर नक्की बघा.

दुसरा माणूस म्हणजे या विषयातली सगळ्यात मोठी 'सक्सेस स्टोरी'. महमूद गावान, इराणच्या गिलान प्रांतातला. 1453 मध्ये, चाळिशी ओलांडलेली असताना, व्यापारी म्हणून दाभोळला उतरला. बीदर करून पुढे दिल्लीला जायचा बेत होता. पण सुलतान अलाउद्दीनला माणूस आवडला आणि तो बीदरलाच राहिला. पुढे त्याला 'मलिक-उत-तुज्जार' म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा हा किताब मिळाला, आणि तो राज्याचा वजीर झाला. त्याने गोवा जिंकून दिला. बीदरला मोठा मदरसा बांधला, त्याची मोडकी भिंत आणि मिनार आजही उभे आहेत. आणि वजीर असूनही त्याने आपला व्यापार सोडला नाही. स्वतःचा खर्च तो धंद्याच्या नफ्यातून भागवायचा, असं इतिहासकार सांगतात.

आता अडचण कुठे आली? आफाकी लोकांना पदं, जहागिऱ्या मिळत होत्या आणि दख्खनी सरदारांना वाटायचं, आमच्या ताटातलं हे बाहेरचे खातायत. त्यांचा राग अगदीच खोटा नव्हता. गावानने दोन्ही गटांत पदं वाटून समतोल साधायचा प्रयत्न केला. पण त्याने सुभे लहान केले, सुभेदारांच्या हातातले किल्ले काढून घेतले, आणि मोठे लोक दुखावले. त्यांनी त्याच्या शिक्क्याचा कागद मिळवला. त्यावर ओडिशाच्या राजाला फितुरीचं खोटं पत्र लिहिलं आणि ते सुलतानापुढे ठेवलं. सुलतानाने चौकशी न करता 1481 मध्ये सत्तरीच्या गावानचा शिरच्छेद करवला. 28 वर्षांची सेवा, आणि निकाल एका संध्याकाळी.

या गटाचा पुढारी कोण होता? मलिक हसन. मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घरातला, लहानपणी पकडला जाऊन मुसलमान झालेला. त्याचाच मुलगा मलिक अहमद. 1490 मध्ये त्याने भिंगारजवळ बहामनी फौजेचा पराभव केला आणि 1494 मध्ये तिथेच नवं शहर वसवायला घेतलं. तेच आपलं नगर! म्हणजे ज्या भिंगारला आपण आज लष्कराची छावणी म्हणून ओळखतो, त्याच्या शेजारी उभं राहिलेलं हे शहर त्या भांडणाचा वारसा घेऊनच जन्माला आलं.

तिसरा माणूस इथेच, नगरमध्ये वाढला. इतिहासकार फेरिश्ता. जन्म कास्पियनच्या काठावर, अस्त्राबादला. वडील निजामशाही राजपुत्राला फारसी शिकवायला नगरला आले, म्हणून हाही आला. इथेच शिकला, नोकरीला लागला. नगर हेच त्याचं घर होतं. मग 1589 मध्ये एका आफाकी वजिराने तरुण सुलतान मीरान हुसेनला मारलं, आणि दख्खनी जमालखानाच्या लोकांनी शहरात दिसेल त्या परदेशी माणसाची कत्तल सुरू केली. ज्यांचा कटाशी संबंध नव्हता तेही मेले. फेरिश्ता त्याच वर्षी विजापूरला गेला आणि तिथे त्याने आपला मोठा इतिहास लिहिला. गावानची गोष्टही आपल्याला बरीचशी त्याच्याकडूनच कळते.

आता आजच्याकडे येऊ. आज तलवार नाही, कायदा आहे, आणि हा फरक खूप मोठा आहे. पण मर्जी संपली असं समजू नका. कॅनडाची गुंतवणूकदार योजना 1986 पासून होती. 2014 मध्ये सरकारने ती गुंडाळली आणि रांगेतले अर्ज फीसकट परत पाठवले. ब्रिटनमध्ये 20 लाख पौंड गुंतवणारा व्हिसा 17 फेब्रुवारी 2022 ला बंद झाला, त्याच दिवसापासून. अमेरिकेच्या ईबी-५ मध्ये किमान 8 लाख डॉलर आणि 10 नोकऱ्या दाखवाव्या लागतात, तरी पहिलं ग्रीन कार्ड दोन वर्षांचं, अटी असलेलं.

म्हणून एजंटने ब्रोशर पुढे केलं की मी तरी तीन प्रश्न विचारीन. योजना मध्येच बंद झाली तर माझ्या अर्जाचं काय? पैसे अडकले तर दाद कुठे मागायची? आणि ज्या गावात मी राहणार, तिथल्या माणसाला माझ्या येण्याने काही मिळणार आहे का? पहिले दोन प्रश्न निकितीनला जुन्नरमध्ये पडले होते. तिसरा गावानला पडला होता, पण त्याचं उत्तर पटवून द्यायला त्याला वेळ मिळाला नाही.

तुमच्या घरातलं कुणी असं धंद्याच्या जोरावर बाहेर स्थायिक झालं असेल, तर त्यांना हा भाग ऐकवा आणि त्यांचा अनुभव आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!