संगमरवर आणि पंधरा पैसे

राज्यसंस्था थोरांची स्मृती कशी जपते, याचे जुने नमुने तंजावूरच्या राजवाडा परिसरात आजही पाहावयास मिळतात. राजवाड्यातील संग्रहालयात दुसऱ्या सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळा आहे. जवळच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर त्यांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. शिवगंगा तलावालगतच्या चर्चमध्ये त्यांनी आपले गुरू ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांचे संगमरवरी स्मारक बसविले. हे शिल्प इंग्लंडच्या जॉन फ्लॅक्समन यांनी घडविले असून, मृत्युशय्येवरील गुरूजवळ उभे असलेले राजे त्यात दिसतात.

श्वार्ट्झ हे केवळ राजगुरू नव्हते. १७७९ मध्ये मद्रास सरकारने त्यांना हैदर अलीकडे शांततेच्या बोलणीसाठी पाठविले होते. पुढील वर्षी युद्ध पेटलेच. परंतु शब्दाचा पक्का मनुष्य म्हणून त्यांची कीर्ती टिकली. शांतिदूताचा असा गौरव करणारा राजा निश्चितच गुणग्राहक होता. मात्र त्या गौरवाला एक मर्यादा होती. संगमरवर एका जागी उभा असतो. ज्याला तेथवर जाता येते, त्यालाच तो दिसतो.

लोकशाही राज्याने यासाठी निराळे साधन वापरले, ते म्हणजे टपाल तिकीट. १५ ऑगस्ट १९४८ रोजी महात्मा गांधींची चार तिकिटे निघाली. त्यांतील दहा रुपयांचे तिकीट संग्राहकांत आज अतिशय प्रसिद्ध आहे. सामान्य माणसाच्या हाती मात्र दीड आण्याचे पडले, कारण देशांतर्गत पत्राचा दर तेवढाच होता. स्वदेशीच्या पुरस्कर्त्याची ही तिकिटे स्वित्झर्लंडमध्ये छापून आली. नाशिकच्या छापखान्यात त्या काळी तिकिटे छापली जात असली, तरी फोटोग्रॅव्ह्युअर पद्धतीची छपाई तेथे १९५२ पासून सुरू झाली.

१४ एप्रिल १९६६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे तिकीट निघाले. त्याची किंमत होती पंधरा पैसे, म्हणजे तेव्हाच्या साध्या पत्राचा दर. त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च किताब मिळाला तो १९९० मध्ये. याचा अर्थ असा की, राष्ट्रपती भवनातील सन्मानाच्या चोवीस वर्षे आधी त्यांचे चित्र पोस्टमनच्या थैलीतून गावोगाव पोहोचले होते. ज्या माणसांना गावच्या पाणवठ्यावर मज्जाव होता, त्यांच्या नेत्याचे चित्र पाणवठा अडविणाऱ्यांच्या घरीही सरकारी टपालातून जाऊ लागले. जानेवारी १९६९ मध्ये मार्टिन ल्युथर किंग यांचेही तिकीट भारताने काढले. त्यांच्या हत्येला तेव्हा वर्षही झाले नव्हते. त्याची किंमत वीस पैसे होती. पत्राचा वाढलेला दर तोच होता.

मानवी हक्कांसाठी झगडणाऱ्याचा गौरव पत्राच्याच दराने व्हावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. कारण त्या दरात गरीब माणूस शासनाला लिहू शकतो. जमिनीच्या नोंदीचा, थकलेल्या मजुरीचा, पाण्याचा अर्ज तो पाकिटात घालतो, तिकीट चिकटवतो आणि उत्तराची वाट पाहतो. तिकिटावर कोणाचे चित्र आहे याकडे कार्यालयातील आवक लिपिकाचे लक्ष जाईलच असे नाही. परंतु आतील अर्ज तसाच फडताळात पडून राहिला, तर पाकिटावरील तो गौरव शाईच्या शिक्क्याबरोबरच रद्द झाला असे समजावे.

सरफोजीराजांनी गुरूचे ऋण दगडात कोरून ठेवले. प्रजासत्ताकाने आपल्या थोरांचे ऋण कागदाच्या लहानशा तुकड्यावर मान्य केले आहे. हे ऋण फेडावयाचे तर आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर गेले पाहिजे. त्यासाठी ना संगमरवर लागतो, ना स्वतंत्र शासन निर्णय.